चिंचेनं घासलेले देव

आमच्या ह्यांचा जगात कशावरच विश्वास नव्हता. जालन्याला किंवा औरंगाबादला गेले की कारागिरीची एखादी वस्तू घेतल्याशिवाय परतत नसत, आणि घेताना विकणाऱ्याला रडकुंडीला आणत. बिदरी डबीचा काळा रंग ओल्या रुमालानं घासून बघत, हिमरू शालीचा धागा उपसून बघत. निजामाच्या अमलात परतूरच्या तहसील कचेरीत दिवसभर लोकांचे खोटे अर्ज वाचून असा स्वभाव झाला, असं ते म्हणत. मला वाटतं, तो जन्मजातच होता.

मला त्या वर्षी एकच गोष्ट हवी होती, स्वतःचे देव. वाटणी झाली तेव्हा कुळाचे टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले भवानी आणि खंडोबा, रिवाजाप्रमाणे थोरल्या दिरांकडे राहिले. धाकट्यानं आपले नवे घडवायचे. ते होईपर्यंत सणाला मी अंबडकडच्या गावी जावेच्या दारी जायचे. सून म्हणून आल्यापासून दर दसऱ्याला ते टाक चिंचेनं घासायचं काम माझंच होतं. पण संक्रांतीला गेले तर जाऊबाईंनी मला देवघरात पाऊल टाकू दिलं नाही. "उंबऱ्यावरूनच नमस्कार कर," म्हणाल्या. का, ते सांगेनात. त्या दिवशी मी अशी जळले की बस. पुढच्या नवरात्रात आपल्या घरी आपले देव बसले पाहिजेत, हे मी तेव्हाच ठरवलं.

नवरात्राच्या आधी आम्ही दोघं आगगाडीनं जालन्याला गेलो. सोनारानं नवे टाक दाखवले. ह्यांनी ते वासापासून वजनापर्यंत तपासले आणि खाली ठेवले. बाहेर आल्यावर म्हणाले, "नव्या चांदीवर माझा भरोसा न्हाई. कायबी मिसळतात हे लोक."

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टेशनाच्या रस्त्यावर एक फिरता विकणारा चादर पसरून बसला होता. जुन्या समया, बिदरी सुरई, आणि एका फडक्यात दोन टाक. ह्यांनी कसोटीचा दगड मागून घेतला, टाकाची कड घासली आणि त्यांचा चेहरा खुलला. "बिलकुल खरी चांदी! असं काम आता होत न्हाई."

"दुसऱ्याचे देव घरात नकोत," मी म्हटलं. "त्यांचा कुळाचार कोण करील?"

"भटजी शुद्ध करून देतील. जुनी चांदी हाय, सोडायची का?"

मी विकणाऱ्याला विचारलं, कुठून आणले. तो दुसरीकडं बघत म्हणाला, "फिरता माल हाय, बाई. हातोहात येतो." त्याचं बोलणं मला मुळीच रुचलं नाही. पण ह्यांनी टाक खिशात टाकलेसुद्धा.

घरी आल्यावर मी चिंच भिजवली आणि खंडोबाचा टाक घासायला घेतला. घोड्याच्या शेपटीखाली पत्रा जरा फाटलेला होता. तो कोपरा अंगठ्याला लागला, दर दसऱ्याला लागायचा त्याच जागी. माझे हात थांबले. हळूच टाक उलटा केला. मागचा ठोकाठोकीचा खड्डा, भवानीचं झिजून सपाट झालेलं नाक, सगळं ओळखीचं. हे आमचेच देव होते.

मी ह्यांना सांगितलं. ते हसले. "टाक सगळे सारखेच दिसतात. तुला भास होऊन राह्यला." ह्यांनी उभ्या जन्मात ते हातात घेतले नव्हते. पूजा आधी सासऱ्यांची, मग दिरांची.

"टाक सणालाच डब्यातून निघतात, आणि त्या डब्याची किल्ली भावजींच्या करदोड्याला असते," मी म्हटलं.

तसे ते भडकले. "दादा असं करनार न्हाई! बिलकुल न्हाई!" बिदरीच्या रंगावर भरोसा नसलेला माणूस भावाच्या बाबतीत कसोटीचा दगड काढायलाच तयार होईना.

म्हणून घटस्थापनेला मी एकटीच गावी गेले. टाक बटव्यात घालून कमरेला खोचले होते. जावेपुढं ठेवायचे आणि विचारायचं, हे बाजारात कसे गेले? दीर ओसरीवर पानाला चुना लावत बसले होते. मी आत गेले. देवघरावर लाल फडकं होतं. ते मी सरळ बाजूला केलं.

टाकांच्या जागी तांदळाच्या राशीवर दोन सुपाऱ्या मांडल्या होत्या. ताजं कुंकू लावलेल्या.

माझा हात बटव्याकडं गेला, तेवढ्यात जाऊबाई मागून बोलल्या. आवाज अगदी हळू, ओसरीवर ऐकू जाऊ नये असा.

"बघितलंस? मागल्या दसऱ्याला टाक घासून डब्यात ठेवलेस ते तूच. चंपाषष्ठीला डबा उघडला तर रिकामा. मंग कोन घेऊन गेलं? म्या ह्यांना तुझं नाव सांगितलं, तर म्हनाले, गप ऱ्हा, घरची अब्रू हाय. म्हनून गप हाय."

मी ओसरीकडं बघितलं. दिरांचं पान तसंच हातात होतं. त्यांनी मान वर केली नाही.

बटवा उघडला असता तर देव सापडले असते, आणि चोरही. तो चोर मी ठरले असते. कोण कुठला फिरता विकणारा, त्याला कुठून आणू? आमचे हे तरी माझ्या बाजूनं उभे राहिले असते का, याचीसुद्धा मला खात्री वाटेना. मी हात काढून घेतला.

कमरेला देव खोचलेले असताना मी त्या सुपाऱ्यांपुढं डोकं टेकलं. उठले तेव्हा जाऊबाई माझ्या हातांकडं बघत होत्या, आता काही उचलते की काय, अशा नजरेनं.