उतारावर चढणारा काटा

गाडी घाट चढताना तापली असती तर मला काही वाटलं नसतं. चढावर सगळ्याच गाड्या तापतात. माझी जीप उतारावर तापायची. बैहरकडून बालाघाटला परत येताना माथा ओलांडला, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, इंजिनाला काही कामच उरलं नाही, की दोन-तीन वळणांनंतर उष्णतेचा काटा एकदम उडी मारून लाल पट्ट्यापाशी जायचा. तिथं थरथरायचा. खाली सपाटीला लागलं की आपोआप जागेवर. गावात शिरेपर्यंत इतका साळसूद, की दुसऱ्याला सांगावं तर मीच खोटी पडावी.

बैहरच्या अलीकडच्या एका सरकारी शाळेत मी फिजिक्स शिकवते. राहते बालाघाटला, बाबांबरोबर. आमच्या शाळेतले बरेच जण बसनं अप-डाऊन करतात, मी जीपनं. जीप बाबांची. जंगलखात्यातून रिटायर झाले तेव्हा लिलावात घेतलेली. तिचं जुनं इंजिन धूर ओकायला लागलं तेव्हा मी म्हणाले, विकून टाकू. बाबांनी ऐकलं नाही. अपघातात चेपलेल्या एका अलीकडच्या गाडीचं डिझेल इंजिन त्यांनी शोधून काढलं, आरटीओत स्वतः खेटे घालून कागद केले आणि इंजिन बसवायला गाडी गोंदिया रोडवरच्या एका मिस्त्रीकडे दिली. मिस्त्री कटंगीकडचा, बाबांच्या गावच्या बाजूचा. बाबांना तेवढी ओळख पुरली. मला नाही पुरली.

त्याचं कारण सांगते. मी गॅरेजात पाऊल टाकलं की तो बॉनेट बंद करायचा. घाई न करता, फडक्यानं हात पुसत, सहज केल्यासारखं. पण दर वेळी. आणि काहीही विचारलं की उत्तर जमिनीकडे बघून यायचं.

काट्याची तक्रार मी पहिल्यांदा नेली तेव्हाही बॉनेट बंद होतं.

"भाऊ, गाडी उतरताना तापते."

"चढताना म्हणा, मॅडम."

"चढताना नाही. उतरताना."

त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. "उतारावर इंजिन थंड होते. तुमी तं सायन्सवाल्या हा."

त्याचं म्हणणं पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं, आणि म्हणूनच राग आला. शनिवारी गाडी त्याच्याकडे ठेवली. संध्याकाळी घ्यायला गेले तर म्हणाला, "घाट चढून पायला. काटा हलला नाई."

गाडी देताना किलोमीटरचा आकडा मी हातावर लिहून ठेवला होता. आता मीटर पाहिला. घाटाच्या माथ्यापर्यंत जाऊन यायला जेवढं अंतर लागतं, त्याच्या निम्म्याहून थोडंसंच जास्त दिसत होतं. आकडा मनात ठेवला. एकदा माणूस खोटं बोलला हे कळलं, की त्याच्या खऱ्या गोष्टीही आपण नखानं खरवडून बघायला लागतो.

मग मी रोज सकाळी नाही, पण दोन-तीन दिवसांआड रेडिएटरचं झाकण उघडून बघू लागले. पाणी नेहमी काठोकाठ. कमी झालंय असं कधीच नाही. पण रंग उडत चालला होता. नवीन इंजिनात मीच दुकानातून आणून दिलेलं हिरवंगार कूलंट होतं, ते महिनाभरात काकडीच्या पाण्यासारखं फिकं झालं. माझं कूलंट कुणीतरी काढून घेतंय आणि साधं पाणी भरतंय, असा मी सरळ अर्थ लावला. कुणीतरी म्हणजे कोण, हे वेगळं ठरवायची गरजच वाटली नाही.

घरात नेलपॉलिश होतं. लाल. झाकणापासून रेडिएटरच्या मानेपर्यंत त्याची एक बारीक रेघ ओढली. झाकण कुणी फिरवलं तर रेघ तुटणार. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ब्रेक आवळायला गाडी तासभर गॅरेजात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर रेघ तुटलेली. झाकण पुन्हा घट्ट लावलेलं, पण रेघेची दोन टोकं अर्धा बोट लांब.

त्याच संध्याकाळी मी गेले.

"रेडिएटरचं झाकण कोणी उघडलं?"

"मी नाई."

"मग कूलंटचं पाणी कसं झालं?"

तो पुढे आला, बॉनेट त्यानं स्वतःच उचललं आणि वाकून पाहिलं. लाल रेघ त्याला दिसली.

"मॅडम, तुमी माह्यासाठी निशाण लावून राह्यल्या?"

त्यानं बॉनेट खाली केलं, गाडीतली किल्ली काढून माझ्यासमोर बॉनेटवर ठेवली. आवाज चढवला नाही. "दुसऱ्या मिस्त्रीकडं न्या. मले असं काम जमत नाई."

घरी येताना मला वाटत होतं, पकडला गेलेला माणूस असाच दुखावल्याचा आव आणतो.

तो आठवडा मी बसनं गेले. शेवटचे दोन दिवस मात्र घाईत जीप काढावी लागली. काटा दोन्ही दिवस उतारावर चढला.

रविवारी मी एरवी उशिरा उठते. त्या दिवशी बाहेर पत्र्याचा ओळखीचा आवाज आला म्हणून उठले. खिडकीतून पाहिलं तर बाबा बनियनवर, जीपचं बॉनेट उघडं आणि त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या. रेडिएटरमध्ये धार धरून पाणी ओतत होते. पूजेचं पाणी सोडावं इतकं सावकाश.

मी बाहेर जाऊन उभी राहिले. ते दचकले नाहीत. तांब्या संपवला, झाकण दोन्ही हातांनी आवळलं आणि मग माझ्याकडे वळले.

"बाबा, हे रोज करता?"

"हौ. रोज तांब्याभर लागते."

"कधीपासून?"

"इंजिन बसवल्यावर आठ-पंधरा दिवसांनी पायलं तं पाणी कमी. मंग घालून राह्यलो."

"मला का नाही सांगितलं?"

"तुले सांगतलं असतं तं तू गाडी इकली असती."

"विकली असती तर बसनं गेले असते. त्यात काय?"

बाबांनी तांब्या पायरीवर पालथा ठेवला. "बसनं काहून जाशील? थ्या बैहरले खोली केली असती. छोटा गॅस कायले आणला मंग?"

छोटा गॅस मी खोक्यासकट माझ्या पलंगाखाली, जुन्या वह्यांच्या मागे ढकलून ठेवला होता. बैहरला एक खोली खरंच पाहिली होती. घाटातून रोज ये-जा करण्यानं पाठ धरायची, हिवाळ्यात धुकं असायचं, आणि बाबांना एकटं ठेवायचं कसं हे ठरत नव्हतं म्हणून त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. महिनाभर मी एका मिस्त्रीवर नजर ठेवून होते आणि माझ्याच घरात माझ्यावर नजर होती. फरक एवढाच, की बाबांचा संशय खरा होता.

मी पाण्याचं बोलले. "रोज तांब्याभर पाणी जातं कुठं? खाली तर एक थेंब नसतो."

"थेच समजत नाई."

आमच्या फाटकाशी रस्त्याकडे उतरता सिमेंटचा रपटा आहे. त्यावर मी जीप तोंड खाली करून उभी केली, चाकांना दगड लावले आणि इंजिन चालू ठेवलं. बाबा खुर्ची आणून बसले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग रेडिएटरच्या झाकणाजवळची बारीक नळी गुडगुडली आणि तिनं रस्त्यावर गरम पाण्याची एक चूळ टाकली. थोड्या वेळानं दुसरी. आत काटा चढत होता.

मी बाजूला उभी राहून जीपकडे नुसतं पाहत राहिले. तोंड खाली, शेपूट वर. म्हणजे इंजिनाची मागची बाजू रेडिएटरपेक्षा उंच. आत अडकलेली हवा आणि वाफ सगळ्यात उंच जागी जाणार, मागच्या टोकाला, समोरच्या काचेच्या खालच्या पत्र्याजवळ. तिथून तिला बाहेर पडायला वाट नसेल तर ती तिथंच फुगणार आणि पाणी पुढून बाहेर ढकलणार, मग तेवढं इंजिन कोरडं तापणार आणि काटा चढणार. वाटेत घाटभर हेच होत होतं, म्हणून घरी थेंब दिसत नव्हता. नववीच्या मुलांना मी हे फळ्यावर काढून दाखवते.

रविवारीही गॅरेज उघडं असतं. मिस्त्री एका पट्टीला कानस मारत होता. मला पाहून थांबला नाही.

"भाऊ, झाकण बाबा उघडत होते. रोज पाणी घालत होते. मी उगीच तुमच्यावर आळ घेतला."

"हौ," तो म्हणाला. कानस चालूच.

माफी मागून झाल्यावर पुढं काय करायचं असतं हे मला माहीत नव्हतं. म्हणून मी रपट्यावरचा प्रकार सांगायला लागले. शेपूट वर, वाफ मागे, पाणी पुढून बाहेर. बोलता बोलता लक्षात आलं की कानशीचा आवाज थांबलाय.

"मागं एक बोल्ट हाय," तो म्हणाला.

"कसला बोल्ट?"

"इंजिनाच्या मुंडीवर, मांगच्या अंगाले, एक बारीक तोटी होती. थ्या गाडीत तिच्यातून नळी निघून वरच्या पाण्याच्या बाटलीत जात होती. जीपले अशी बाटली नाई. नळी कुठं न्याव, मले समजलं नाई. मंग बोल्ट मारून तोटी बंद केली." तो जमिनीकडेच बघत होता. "तुमी आल्या की इचारत होत्या, हे काय, थे काय. मले भेव वाटे का या बोल्टचं इचारान."

"आणि घाट?"

"अर्ध्यातून वापस आलतो. गिऱ्हाईक बसून होतं."

दोन्ही गोष्टी त्यानं लपवल्या होत्या. म्हणजे माझा संशय अगदीच खोटा नव्हता, फक्त भलत्या जागी बसला होता. याचा आनंद व्हावा की लाज वाटावी हे मला आजही सांगता येत नाही.

त्यानं किल्ली मागितली. मी दिली.

त्याच अपघाताच्या गाडीतली बाटली त्यानं शोधून आणली. ती उजव्या मडगार्डाजवळ बसवली, बोल्ट काढून मागच्या तोटीला बारीक रबरी नळी जोडली. ही नळी त्यानं फार सुबक बसवली होती. मागून खाली घेऊन, वायरींच्या जुडग्याबरोबर बांधून, मग वर बाटलीत. बघून कुणीही वाहवा करावी. गाडी आणून आमच्या रपट्यावर लावली. काटा चढला.

माझ्या मनात लगेच आलं, यानं बोल्ट काढलाच नसेल. या वेळी मनात ठेवलं नाही.

"बोल्ट काढला ना?"

त्यानं खिशात हात घातला आणि बोल्ट माझ्या तळहातावर ठेवला.

शेजारी एका घराचं काम चालू होतं. तिथल्या गवंड्याची लेव्हल बघायची पारदर्शक नळी मी मागून आणली. इंजिन गार असताना रबरी नळीच्या जागी, तिच्याच वाटेनं, ती लावली आणि पाणी भरलं. मग दिसलं. नळी जिथं खाली उतरून पुन्हा वर जात होती, त्या झोळात पाणी बसलं होतं. मागून एक बुडबुडा आला, झोळाच्या तोंडाशी थांबला, दुसरा त्याला चिकटला. पुढं कोणीच सरकेना.

मिस्त्री उकिडवा बसून बघत होता. मग त्यानं झोळाची जागा बोटानं हळूहळू वर उचलली. बुडबुडे एकामागोमाग पळत बाटलीत गेले.

"आयला," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "माफ करा, मॅडम."

दुसऱ्या खेपेला त्यानं सुबकपणा सोडला. बाटली काचेखालच्या पत्र्यावर, सगळ्यात उंच. मागची नळी आणि पुढून, रेडिएटरकडून आलेली दुसरी नळी एका सांध्यात जोडून, सायलेन्सरच्या पाइपापासून वीतभर लांब ठेवून, कुठंही खाली न उतरता सरळ वर. बाटलीच्या बुडातून जाड नळी पाण्याच्या पंपाकडे, म्हणजे वाफ वरून आली की पाणी खालून परत जाईल. दिसायला ते काम ओबडधोबड आहे. रपट्यावर अर्धा तास गाडी चालली, पाणी बाहेर पडलं नाही.

घाटाला मी त्याला बरोबर घेऊनच गेले. माथ्यावर वळून गाडी उताराला लावली आणि मी पाय काढला. तो माझ्या बाजूला वाकून काट्याकडे बघत होता, मी रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त. पहिलं वळण, दुसरं, बांबूची दाट रांग, सागाची पानं पडलेला लांब उतार. काटा अर्ध्याच्या थोडा खाली होता. तिथंच राहिला.

खाली आल्यावर त्यानं गाडी थांबवायला सांगितली, बॉनेट उघडलं आणि बारीक नळी दोन बोटांत धरून पाहिली. "वाहून राह्यली," तो म्हणाला. मग बॉनेट उघडंच ठेवून रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसला.

"मॅडम, मी बी तुमच्यावर शक घेतलता. मले वाटे, तुमी दुसऱ्या मिस्त्रीले गाडी दाखवून येता, अन् थो तुमाले माह्याविरुद्ध शिकवून राह्यला."

"नाही हो."

"आता समजलं. तवा नव्हतं समजत."

अजूनही उतारावर माझी नजर काट्याकडे जाते. बाटलीतलं कूलंट मी बघते, हिरवंच असतं, तरी बघते.

बाबांशी बोलायला मात्र आणखी दोन दिवस लागले. जेवताना मी सांगून टाकलं, की धुक्याचे दोन महिने आठवड्यातले तीन दिवस मी बैहरला राहणार आहे, खोली ठरवली आहे, बाकीचे दिवस घरी. बाबांनी घास तोंडात फिरवला, पाणी प्यायले.

"शुक्रवारी येशील?"

"शुक्रवारी येईन."

"मंग लपवत काहून होती?" ते म्हणाले आणि वरणाचं भांडं माझ्याकडे सरकवलं.