हे ते ग्रहण नव्हे

माझ्या थोरल्या बहिणीने माझ्याशी अठरा वर्षं अबोला धरला, आणि त्याची मुदत मीच तिला काढून दिली. इतका मूर्खपणा करायला थोडं शिक्षण लागतं. त्या काळात मी ग्रहताऱ्यांवरची पुस्तकं वाचत होतो, आणि वाचलेलं कोणाला तरी ऐकवल्याशिवाय मला जेवण जात नसे.

आम्ही नारायण पेठेत एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. त्या वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, पौर्णिमेच्या रात्री, खंडग्रास चंद्रग्रहण होतं. खंडग्रास म्हणजे तरी किती, तर उंदराने भाकरीचा काठ कुरतडावा तेवढंच. पण ताईने दुपारपासून वेध पाळायला घेतले. लोणी काळभोरहून तिच्या सासूबाई आल्या होत्या, त्यामुळे वेध जरा जास्तच कडक होते. दूध, दही, लोणचं, पिण्याचं पाणी, सगळ्यावर तुळशीचं पान. कुंडीतली तुळस बोडकी झाली तरी निम्मी भांडी उरली, तेव्हा तिने मला तुळस आणायला मंडईत पिटाळलं.

मला मंडईपर्यंत जायचा कंटाळा आला. आमच्या घरात कढीपत्ता होता. तोच धुतला, "तू बस, मी ठेवतो" म्हणालो आणि उरलेल्या भांड्यांत एकेक पान टाकून झाकणं लावली.

एवढ्यावर गप्प बसलो असतो तर काहीच झालं नसतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दुधाचा चहा सगळ्यांनी घेतल्यावर मी जाहीर केलं की रात्री या घराचं रक्षण कढीपत्त्याने केलं आहे आणि कोणालाही काही झालेलं नाही. सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि त्या पोट धरून हसल्या.

"आगं, कढीपत्त्यानंबी भागतंय की! उगं ती तुळस वरबाडलीस."

ताई हसली नाही. आदल्या दुपारपासून ती एकटी राबली होती, आणि ज्यांच्यासाठी राबली त्याच हसत होत्या. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त माझा प्रयोग यशस्वी झाल्याचा आनंद झाला होता.

"परत हे ग्रहण लागेपर्यंत मी तुझ्याशी बोलणार नाही," ती म्हणाली.

शहाण्या माणसाने इथे मान खाली घातली असती. पुढचं ग्रहण सहा महिन्यांवर होतं. पण मी म्हणालो, "हे म्हणजे नेमकं हेच ना? कारण ग्रहणांचं चक्र असतं, ताई. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी परत याच मांडणीत यायला अठरा वर्षं, दहा-अकरा दिवस आणि वर आठ तास लागतात."

"मग तेवढे दिवस," असं म्हणून ती कपबश्या उचलून आत गेली.

ताईचा अबोला फक्त तोंडाचा होता. बाकी सगळं चोख. पुरणपोळी समोरून यायची, आधी चिठ्ठ्या आणि पुढे मेसेज यायचे, व्हॉट्सॲप आल्यावर तर रोज सकाळी गुलाबाच्या फुलासकट सुविचार. समोरासमोर आलो की मात्र सगळं माझ्या बायकोमार्फत.

"तुझ्या नवऱ्याला सांग, शर्टाचं बटण तुटलंय." मी तिथेच उभा.

"अहो, वन्सं म्हणतायत, बटण तुटलंय."

"त्यांना सांग, मला दिसतंय."

मधे कितीतरी ग्रहणं आली. एकदा तर ऐन राखीपौर्णिमेला खंडग्रास लागलं, तेव्हा मला वाटलं, आता सुटलो. ताईने राखी बांधली, ओवाळलं, पेढा भरवला आणि माझ्या बायकोला म्हणाली, "त्याला सांग, हे ते ग्रहण नव्हे." पेढा मात्र चांगला होता.

मुदत भरायच्या वर्षी ताईच्या कानात मशीन आलं. "डावा कान गेलाच म्हणाले डॉक्टर. उजवा किती टिकेल सांगता येत नाही," बायको म्हणाली. मी हादरलो. माझे मेसेज ताई शेवटपर्यंत वाचू शकली असती, पण मला तिची माफी माझ्या तोंडाने मागायची होती, आणि तीही तिच्या कानाला ऐकू येतंय तोवर.

आणि मग मला ते वरचे आठ तास आठवले. तेवढ्या वेळात पृथ्वी एक तृतीयांश फिरते. मध्यरात्रीचं ग्रहण आता सकाळी सव्वाआठला लागणार होतं, म्हणजे पुण्यात चंद्र मावळल्यावर. ताईचा मेसेज आला, "पंचांगात दिलंय, भारतात दिसणार नाही, वेध पाळू नयेत. म्हणजे ग्रहण नाहीच." मी घाईघाईने पुढचा हिशोब मांडला. आपल्या बाजूला परत यायला एकूण तीन फेरे, म्हणजे हा एक धरून आणखी छत्तीस वर्षं. शिवाय दर फेऱ्याला चंद्राचा घास लहान होत चाललेला. पुढच्या वेळी नुसतं छायाकल्प, म्हणजे चंद्र जेमतेम मळकट दिसणार, आणि छायाकल्पाला पंचांग विचारत नाही. थोडक्यात, ते ग्रहण पुण्याला परत कधीच लागणार नव्हतं. माझ्याच शास्त्राने मला जन्मठेप झाली होती.

त्या सकाळी विसर्जनाची मिरवणूक अजून रेंगाळत होती. चंद्र पलीकडच्या कुठल्यातरी देशावर कुरतडला जात होता, आणि इकडे ढोलांनी खिडक्या थरथरत होत्या. बरोबर सव्वाआठला मी समोरची बेल वाजवली. ती ढोलात बुडाली, म्हणून दार बडवलं. ताईने दार उघडलं. केस कानांवर आले होते, त्यामुळे मशीन लावलंय की नाही ते कळेना.

"ताई, माझं चुकलं."

"काय?"

अठरा वर्षांनी ती माझ्याशी बोललेला पहिला शब्द हा. मी आवाज चढवला.

"माझं चुकलं!"

"काय?"

मग मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "सगळ्यांसमोर तुझं हसं केलं! माझं चुकलं, ताई!" खालच्या मजल्यावरचे गृहस्थ बाहेर येऊन वर बघून गेले. मला रडू फुटलं होतं आणि ते लपवायची सोय नव्हती.

ताई पदराने डोळे टिपत होती.

"पहिल्यांदाच ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "पण परत म्हण."