राख उडू दे

मी शाळेत शिकवते. एकदा सांगून समोरच्याला कळलं नाही की माझा आवाज चढतो. नगरच्या दवाखान्यात त्या दिवशी तो आईवर चढला, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

मी संगमनेरला राहते, आई सोनईजवळच्या वस्तीवर. दिवाळीपासून तिला धाप लागत होती, खोकला हटत नव्हता. त्याहून वाईट म्हणजे तिनं स्वतःच निदान करून टाकलं होतं. तिची थोरली बहीण क्षयानं गेली, त्यामुळे आपल्यालाही तोच झालाय, असं तिनं धरून ठेवलं. ताट वेगळं काढलं, पेला वेगळा काढला. तो चुकून कुणी उचलू नये म्हणून त्याच्या गळ्याला लाल दोरा बांधला. माझी चार वर्षांची लेक पूर्वी आजीच्याच ताटात जेवायची, दुधात कुस्करलेली बाजरीची भाकरी. आता ती जवळ आली की आई तोंडाला पदर लावायची. "लांब बस गं बाय, लांब." पोरीला वाटायचं, आजी आपल्यावर रुसली. मला ते बघवायचं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकीला वस्तीवर शेजारी ठेवून मी आईला नगरला नेलं. एक्स-रे झाला, थुंकी तपासली. दोन्हींत क्षय निघाला नाही. "कागदाचं काय सांगती? माझ्या बहिनीचा बी पहिला कागद चांगलाच हुता," आई म्हणाली. डॉक्टरांनी फुंकून करायची तपासणी लिहून दिली. नळीत फुंकायचं, म्हणजे फुप्फुसातून हवा किती आणि किती जोरात बाहेर येते ते कळतं. घरात गॅस आहे का, असंही त्यांनी विचारलं. आहे, पण चहापुरता. भाकरी चुलीवरच. गॅसवरची भाकरी 'ग्वाड लागत न्हाई' म्हणे.

तपासणीच्या खोलीत एक ताई होत्या. त्यांनी आईच्या नाकाला चिमटा लावला.

"वाळत घालता का काय मला?" आई म्हणाली.

"आजी, छाती भरून श्वास घ्या, नळी ओठांत घट्ट धरा आणि एकदम जोरात फुंका. संपेपर्यंत थांबायचं नाही."

आईनं बारीक फुंकलं, थांबली, पुन्हा बारीक फुंकलं. संगणकाच्या पडद्यावरची रेघ जमीन सोडेना. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच.

"अगं आई, एवढं साधं कळत नाही का तुला? जोरात फुंक ना!"

वर्गात मी ओरडल्यावर पोरं जशी बघतात, तसं आईनं माझ्याकडं बघितलं. ताई म्हणाल्या, "असंच आलं तर रिपोर्ट धरता येणार नाही. पुन्हा यावं लागेल." आई पुन्हा येणार नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. ती घरी जाऊन तो लाल दोऱ्याचा पेला घेऊन कोपऱ्यात बसली असती, कायमची.

चौथ्या खेपेला मी गप्प राहिले, म्हणून मला दिसलं. नळी हातात येताच तिची मान एका अंगाला कलली आणि डोळे अर्धे मिटले. ही मान मी लहानपणापासून बघत आले होते. चुलीपुढं फुंकणी धरली की ती अशीच बसते. जाळ तर लागला पाहिजे, पण राख उडून भाकरीवर बसता कामा नये, म्हणून जपून, थांबत थांबत फुंकायचं. लहानपणी मी जोरात फुंकलं की पाठीत धपाटा बसायचा. चाळीस वर्षं मुरलेली सवय माझ्या ओरडण्यानं कशी जाणार होती?

मी तिच्याजवळ उकिडवी बसले. "आई, राख उडू दे."

"आं?"

"सगळी राख उडू दे. भाकरीवर पडू दे, डोळ्यांत जाऊ दे. मी धपाटा घालणार नाही."

ती हसली. हसण्याचा खोकला झाला, तो शमेपर्यंत आम्ही थांबलो. मग तिनं छाती भरून घेतली आणि फुंकलं. ताई ओरडत होत्या, "अजून, अजून, अजून!" रेघ सरळ वर चढली आणि हळूहळू उतरली.

मग ताईंनी पंपानं औषध ओढायला दिलं आणि शाळेच्या पाऊण-एक पिरियडाएवढा वेळ बाहेर बसवलं. बाकावर बसल्या बसल्या आई मध्येच म्हणाली, "छातीवरचं जातं कुनी उचललं गं?" पुन्हा फुंकल्यावर रेघ आधीपेक्षा बरीच वर गेली.

डॉक्टरांनी दोन्ही रेघा तिला दाखवल्या. धुरानं श्वासनळ्या आवळल्यात, पण औषधानं त्या मोकळ्या होतात. पंप रोज घ्यायचा आणि चूल सोडायची. पूर्ण बरं होईल असं ते म्हणाले नाहीत, पण पुष्कळ आराम पडेल म्हणाले.

"क्षय असता तर ह्या पंपानं छाती अशी मोकळी झाली असती का?" आईनं विचारलं.

"नाही आजी. क्षय नाहीच तुम्हाला."

"मंग ह्ये नातीला लागायचं न्हाई?"

"नाही लागत."

तिनं ते पुन्हा एकदा विचारलं. मला रडू आलं, म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिले.

संध्याकाळी वस्तीवर मी गॅसवर भाकऱ्या केल्या. आईनं नाक मुरडलं, पण खाल्ल्या. लेक आपलं ताट घेऊन दाराशी बसली होती, शिकवल्याप्रमाणे लांब. आईनं दुधात भाकरी कुस्करली. "ये."

पोर जागची हलली नाही. "तूच म्हणालीस ना, लांब बस?"

"म्हनले हुते. चुकलं तुझ्या आजीचं. ये."

ती आली आणि आजीला टेकून जेवली. मग तहान लागली म्हणून तिनं हात लांब केला आणि तो लाल दोऱ्याचा पेला उचलला. माझा हात आपोआप पुढं गेला, काढून घ्यायला. एवढे महिने क्षय नाही म्हणून आईशी भांडणारी मी, वस्तीवर आले की तो पेला मीही वेगळाच घासत होते.

आईनं माझं मनगट धरलं. "पिऊ दे," ती म्हणाली.