टोपीखालची खोक

माझ्या अकलेविषयी तुमचं मत बरं असेल, तर चहा तसाच सोडून उठा. पुढचं ऐकलंत तर ते मत काही टिकायचं नाही!

मी तेव्हा नंदुरबारला शाळामास्तर होतो. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. धाकटा भाऊ मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरी बसलेला. जेवायला वाढताना आई आधी त्याच्याकडे बघायची, मग माझ्याकडे. अशात सुरतेहून त्र्यंबकचं कार्ड आलं. त्र्यंबक माझा शाळूसोबती. वीस वर्षांत गाठभेट नाही. कुठल्याशा लाकडाच्या वखारीत म्हणे मॅनेजर झाला होता. 'रविवारी नंदुरबारला उतरतोय. साडेदहाला स्टेशनासमोरच्या नव्या हॉटेलात ये. खाऊ, बोलू, तुझ्या भावाचंही बघू.'

साडेदहा! ही काय वेळ झाली? न्याहारी म्हणावी तर उशीर, जेवण म्हणावं तर घाई. आणि हॉटेल तरी कुठलं? जिथल्या एका चहाच्या पैशात गावच्या खाणावळीत माणूस जेवून, ढेकर देऊन, वर विडा खाऊन येईल, ते! गणितात दोनदा आपटलेला हा गडी. माझ्या पाटीवर बघून उत्तरं लिहायचा. तो आता मला काटे-चमचे दाखवणार! पण गरज माझी होती. हेडमास्तरांचा कोट मागून घेतला आणि गेलो.

आत टेबलांवर पांढऱ्याशुभ्र चादरी. आमच्या घरी जावयालासुद्धा एवढी पांढरी चादर मिळत नाही! गिऱ्हाईक मात्र एकच. गोरा, लठ्ठ, सुटाबुटातला, जेवतानाही डोक्यावर हॅट. समोर आम्लेट. नाक बघितलं आणि खूण पटली. त्र्यंबकचंच ते, पोपटासारखं!

"काय रे तिंबक्या!" मी पाठीत असा धपाटा घातला की काट्यावरचा घास बशीत पडला.

"एक्स्क्यूज मी?" तो म्हणाला.

माझं टाळकंच सरकलं. मी आमच्या अहिराणीवर उतरलो. "इंग्रजी? मन्हासंगे? अरे, तुन्हा शेंबूड पुसनारा मी शे!"

त्यानं तोंड उघडलं, मिटलं, मला नीट न्याहाळलं आणि पुन्हा खाऊ लागला. मला वाटलं, शरमला! मग काय, खुर्ची ओढली, त्याच्याच बशीतला पाव उचलला आणि सुटलो.

"आज एकादशी शे, आनि तू अंडं खाई ऱ्हायना? तुन्हा बाप वरथून देखी ऱ्हायना व्हई!"

एकादशीला मी स्वतः पाव चघळतोय, हे मला दिसलं का? नाव नको!

"आनि तो तुन्हा शेठ कोन शे रे? ज्याले बेरीज येत नही त्याले मॅनेजर करस! तुन्हापेक्षा मोठा गाढव दिखस!"

त्यानं काटा खाली ठेवला.

मी म्हटलं, "जाऊ दे. गाढव का असेना, मन्हा भाऊले तठे चिकटाडी दे म्हंजे झालं."

"युवर नेम, प्लीज?"

माझं नाव! मला विचारतो! "मन्हं नाव इसरना? आनि मन्ही विटी लागीसन तुन्हा डोकाले खोक पडनी, तीबी इसरना का?" असं म्हणत मी सरळ त्याची हॅटच उचलली.

आत गुळगुळीत टक्कल. खोक सोडा, साधा ओरखडासुद्धा नाही!

हॅट माझ्या हातात, आणि दारात धोतर-काळी टोपीतला एक वाळका माणूस. "शेठ, सामान चढाई दिधं..." म्हणता म्हणता मला बघून तो धावतच आला. "अरे, माले वळखं का? मी त्र्यंबक! आनि ह्या मन्हा शेठ शेतस. व्हयनी का वळख?"

ओळख? ओळखीत काही शिल्लक ठेवलं होतं का मी?

घाईनं मी हॅट परत त्यांच्या डोक्यावर ठेवली. ती डोळ्यांवर आली. शेठनं ती सरळ केली. पारशी होते ते. आणि माझ्या आजीलाही लाजवेल अशा अहिराणीत बोलले, "मास्तर, मन्हा जलम नवापूरना शे. लाकडाना धंदा तठेच शिकनू. समदं समजनं माले."

त्र्यंबक गोंधळला. "काय व्हयनं, शेठ?"

"काही नही. तुन्हा दोस्त तुन्ही तारीफ करी ऱ्हायना व्हता. मन्हीबी."

आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला. हात जोडून म्हणालो, "शेठ, मूर्ख मी आहे. भाऊ तसा नाही. त्याच्यावर राग काढू नका."

शेठ तोंड पुसत उठले. "त्याले बेरीज येस?"

"येस, शेठ."

"मंग सोमवारे धाडी दे. पन पोचाडाले तू येऊ नको!"

भाऊ त्या वखारीत चाकरी करत म्हातारा झाला. मी अजून सुरत पाहिलेली नाही.