पाना आत राहिला तर

मालेगावात माझी मोटारसायकल दुरुस्त करणारे काका हवाई दलात विमानं दुरुस्त करून निवृत्त झालेले. काम संपलं की पेटीतले पाने मोजतात. एक कमी भरला, तर गाडी पुन्हा खोलतात. मला उशीर होतो, मी चिडतो.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्यासोबत विमानांच्या कसरती पाहायला नागपूरला गेलो. हवाई दलाने बोलावून घेतल्यावर त्यांनी महिनाभर खपून उभं केलेलं जुनं लढाऊ विमान डोक्यावर कोलांट्या घेत होतं. लोक ओरडत होते. काका मात्र पाठ फिरवून पान्यांच्या पेटीवर वाकलेले.

"कितीकदा मोजून राह्यले काका? वर तं पाहा!"

"पयले उतरू दे. पाना आत राह्यला असन तं?"

विमान टेकलं, गर्दी पांगली. तेव्हा कुठे काकांनी मान वर केली आणि रिकामं आभाळ डोळे भरून पाहिलं.