रुक्मिणीची बोलकी जमीन

जानेवारीतलं धुकं नॅशनल पार्काच्या बाजूने उतरलं होतं आणि बोरिवलीच्या इमारतींना कमरेपर्यंत मिठी मारून बसलं होतं. सतराव्या मजल्यावरून खालचा रस्ता दिसतच नव्हता. घर कुणी उचलून कापसावर ठेवावं, तसं वाटत होतं. रुक्मिणी परब पहाटेपासून तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. रविवार होता, डबे कुणालाच नव्हते, पण झोपच नाही म्हटल्यावर माणसाने करायचं काय? चार भाकऱ्या पुरत होत्या. नऊ झाल्या.

लालबागची खोली सोडून या घरात आल्याला तीन महिने झाले, आणि तीन महिन्यांत ती धड झोपली नव्हती. डॉक्टरांनी गोळी दिली. गोळीने तोंड तेवढं कडू झालं.

चाळीत एक्केचाळीस वर्षं ती लाकडी जमिनीवर झोपली. जुन्या फळ्या, उंबऱ्याजवळची एक पार झिजलेली. अंथरुणावर कान टेकला की घर हाताच्या तळव्यावर असल्यासारखं कळायचं. नवऱ्याचं, चंद्रप्रकाशचं, डावं पाऊल जड. मुलगा नितेश शिफ्टवरून आला की चवड्यांवर चालायचा आणि तरी तिसऱ्या फळीवर हमखास सापडायचा. सून मानसी आली तेव्हा तिचंही पाऊल आठवडाभरात पाठ झालं. सगळी पावलं आत आली की रुक्मिणीचे डोळे आपोआप मिटायचे. आयुष्यात तिने कधी उठून कुणाला पाहिलं नाही. इथे मात्र चकचकीत टाइल. माणूस उशाशी येऊन उभा राहिला तरी पत्ता लागत नाही. मग ती उठायची, मोबाइलचा उजेड पाडायची आणि माणसं मोजायची.

"आई, काल माझ्या तोंडावर बॅटरी मारलीत," मानसी चहा घेत म्हणाली. "मला वाटलं पोलीस आले."

"तू आसस काय नाय ता कळाक नको?"

"मी कुठे जाणार? तुमच्या नितेशला सोडून गेले तर नऊ भाकऱ्या कोण खाणार?"

नितेश हसला नाही. तो आईच्या डोळ्यांखाली बघत होता. "चल गं, तयार हो," तो म्हणाला. "आतल्या खोलीच्या जमिनीवर लाकूड टाकू. आजच बघून येऊ."

चौघांनी अंधेरीच्या दुकानात पाय ठेवला तर आत एसीचा गारवा आणि मधासारखा उजेड. तपकिरी, काळ्या, राखाडी, सगळ्या रंगांच्या जमिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. टाय लावलेल्या सेल्समनने एक तुकडा अंथरला. "काकू, युरोपचा ओक. खाली फोम येतो. चाला तुम्ही, बघा, एवढासुद्धा आवाज नाही."

रुक्मिणी चालली. ढगावरून चालल्यागत. "आवाज करणारी दाखव," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"करकरणारी."

सेल्समनने नितेशकडे पाहिलं. "सर, करकर आली तर आम्ही फुकट बदलून देतो. वॉरंटी आहे दहा वर्षांची."

"अरे पण तिला तीच पाहिजे यार!"

"वॉरंटी?"

"करकर!"

बाहेर आल्यावर जुना बस कंडक्टर चंद्रप्रकाश इतका वेळ दाबलेलं हसू सोडून म्हणाला, "तीस वर्सा बशीत घंटी मारलंय, पन असला गिराइक बघूक नाय." तरी रिक्षा त्यानेच थांबवली आणि ओशिवऱ्याला घे म्हणून सांगितलं. तिथे पाडलेल्या इमारतींचं लाकूड विकणाऱ्या वखारी आहेत, हे त्याला ठाऊक होतं.

वखारीत भुसा उन्हात तरंगत होता. दारं, खिडक्या, जिन्यांचे कठडे, कुणाकुणाची घरं एकमेकांवर रेलून पडली होती. मालक शिवदास पानाचा तोबरा सांभाळत सगळं ऐकत राहिला आणि अजिबात हसला नाही.

"जुना बर्मा साग आहे," तो म्हणाला. "खाली रीपा, म्हणजे लाकडी पट्ट्या, मारायच्या, वर फळी खिळ्याने ठोकायची. फोम नाय, गोंद नाय. बोलणार म्हणजे बोलणार. पण प्रत्येक लॉट वेगळा बोलतो, मावशी. कसा निवडणार?"

रुक्मिणीने चपला काढल्या. "जमिनीर घाल. मी सांगतंय."

शिवदासने रीपा टाकून त्यांच्यावर पहिल्या लॉटच्या फळ्या मांडल्या. रुक्मिणी सरळ कडेला आडवी झाली, पदर तोंडावर ओढला, कान लाकडाला लावला. "चला आता. एकेकान. सांगू नकात कोण ता."

कुणीतरी चाललं. "नितेश," ती म्हणाली.

"मी!" चंद्रप्रकाश ओरडला. "बायकोक घोव वळकाक येना!"

"ह्या लाकूड खोटा. दुसरा घाल."

दुसरा लॉट सगळ्यांच्या पावलांखाली सारखाच ओरडत होता. तिसऱ्याच्या फळ्या अंगाने जाड, मधे काळसर, जुन्या खिळ्यांची भोकं तशीच. मानसी मुद्दाम चंद्रप्रकाशसारखं पाय आपटत गेली.

"मानसी. नाटकं करू नको गो."

मग फळ्यांवरून चंद्रप्रकाश चालला. "हे," ती नुसतं म्हणाली, आणि त्या एका अक्षरात एक्केचाळीस वर्षं होती. मग नितेश चवड्यांवर निघाला. मधल्या फळीने बारीक कण्हून त्याला पकडलं. सगळे थांबले. पदराखालून आवाज आला नाही.

"आई, सांग ना. कोण?"

पदर श्वासाबरोबर हळूच फुगत होता, बसत होता.

शिवदासने हात वर करून पलीकडची करवत बंद करायला लावली. नितेश फळीवरच, एक पाय पुढे टाकलेला, उभा राहिला. हललो तर ती जागी होईल या धास्तीने. ऊन फळ्यांवरून तिच्या पायांवर आलं, तिथून पुढे सरकलं. मानसी दरवाज्यांच्या ढिगावर टेकून बसली. एक गिऱ्हाईक आलं, त्याला शिवदासने ओठांवर बोट ठेवून बाहेरच थोपवलं.

पाऊण तासाने रुक्मिणी उठली. गालावर लाकडाच्या रेषा उमटल्या होत्या.

"ह्याच होया," ती म्हणाली.

"पावतीवरच लिहून देतो मावशी," शिवदास पिंक टाकून आला. "करकरते म्हणून माझ्याकडे तक्रार घेऊन यायचं नाय."

"गप झाली तर येयन."

फळ्या टेंपोत चढल्या. सुतार मंगळवारी येणार, असं ठरलं. परतताना तिने स्टेशनबाहेर कोलंबी घेतली, भाव करताना कोळणीशी जोरात भांडलीसुद्धा. घरी येऊन हातपाय धुतले, ओट्याखालची परात ओढली आणि तिथेच टाइलवर फतकल मारून कोलंबी सोलायला बसली.