मैनाताईंचा जपानी बांगडा

मांडवीच्या मैनाताई शिवलकर तीस वर्षं मासे विकतात. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, "गहू बंद. कणभर पोटात गेला तरी आतडं खराब होईल." मैनाताईंना त्याचं विशेष काही वाटलं नाही. घरी तांदळाची भाकरी, घावणे, माशाचं कालवण. हिंगातही गव्हाचं पीठ असतं म्हटल्यावर त्यांनी हिंगाची डबीच शेजारणीला देऊन टाकली.

त्यामुळे ओसाकात नोकरी करणाऱ्या लेकीनं, सानवीनं, आठवडाभर बोलावलं तेव्हा बाई निर्धास्त. सोबत भाकरीचं पीठ घ्या म्हणून सगळी आळी सांगून थकली.

"भात नि मासेच खातात ना ती माणसं? मग ती आपलीच!" असं म्हणून पिठाची पिशवी घरी ठेवली आणि पर्समध्ये कोकमाच्या आगळाची तेवढी छोटी बाटली टाकली.

तिथं पोचल्यावर कळलं, आपल्या माणसांना वाईट खोड आहे. त्यांच्या सोया सॉसमध्ये गहू, आणि तो सॉस सगळ्यात. माशाला तो, अंड्याला तो, रश्श्यातही तोच. सानवीनं जपानीत कार्ड छापून घेतलं होतं: 'आईला गहू चालत नाही.' हॉटेलवाले ते दोन्ही हातांनी घेत, वाचत, कमरेत वाकून माफी मागत आणि दार दाखवत. पाच दिवसांत नऊ हॉटेलं झाली. सानवीच्या खोलीवर मासा शिजवायला मनाई, तेव्हा मैनाताई तिथं मीठभात खात होत्या आणि आईशिवाय बाहेर जेवणार नाही म्हणून सानवीही तोच गिळत होती.

"मासा ताजा, भात ऊन, नि मधे मेल्यांनी गव्हाचं पाणी ओतलंय!" मैनाताई करवादल्या. "एक मासा खाल्ल्याशिवाय मी विमानात बसायची नाय."

"आये, विमान उद्या आहे."

"म्हणून तर आज म्हणतेय!"

शेवटचं हॉटेल अगदी लहान होतं. एक म्हातारा निखाऱ्यावर मासे भाजत होता. त्यानं कार्ड वाचलं आणि हात जोडले.

"ठेव गो ते कार्ड," म्हणत मैनाताई थेट काचेच्या पेटीपाशी गेल्या. आतल्या माशाकडे बोट दाखवून त्यांनी दोन बोटांनी कल्ला उचलल्याची खूण केली. म्हातारा थबकला. मग त्यानं मासा काढला, कल्ला उघडून दाखवला. आत लालभडक, म्हणजे ताजा. मैनाताईंनी मान डोलावली, समोरच्या वाटीतलं मीठ चिमटीत धरून दाखवलं, निखाऱ्याकडे बोट केलं आणि सॉसच्या बाटलीसमोर असा हात उडवला, की मांडवीत घासाघीस करणारं गिऱ्हाईक चार पावलं मागे सरकलं असतं.

म्हातारा हसला. त्यानं सुरी, पाट, हात सगळं धुतलं, धुतलेली नवी जाळी निखाऱ्यावर ठेवली आणि मासा नुसत्या मिठावर भाजला. सोबत साधा भात. मैनाताईंनी पर्समधून आगळ काढून वर शिंपडलं.

"पाच दिवस चिठ्ठ्या वाटत फिरवलंस मला," पहिल्या घासानंतर त्या म्हणाल्या. "आधीच पेटीकडे नेलं असतंस तर?"

"बरं बाई, चुकलं. ह्या माशाला इथं सबा म्हणतात."

मैनाताईंनी मासा उलटून पाहिला. "कसला सबा! बांगड्याचा थोरला भाऊ आहे हा. दोन विमानं बदलून शेवटी बांगडाच माझ्या नशिबी!"

"पण कसा आहे?"

मैनाताईंनी काटा चोखून ताटाच्या कडेला ठेवला.

"दुसरा सांग त्याला. कल्ला बघून."